नादियाबाईंचा केक

केक तुम्ही दुकानात काचेआड पाहिला असेल. वाढदिवसाला खाल्लाही असेल. मैदा, साखर, लोणी आणि अंडी फेटायची, भांड्यात ओतून भट्टीत भाजायची, की झाला केक. ऐकायला सोपे वाटते. पण आच कमीजास्त झाली, की केक मधेच बसतो! अशा केकने एका बाईचे आयुष्य कसे पालटले, ते आम्ही आज सांगणार आहोत.

बाईंचे नाव नादिया हुसेन. इंग्लंडातील ल्यूटन शहरी १९८४ साली त्यांचा जन्म झाला. आईवडील मूळचे बांगलादेशचे. घरात सहा भावंडे. स्वयंपाकघरात भट्टी होती, पण आई तिच्यात तवे नि कढया ठेवी. त्यांच्याकडे केक भाजायची चालच नव्हती. छोटी नादिया केक शिकली ती शाळेत, बाईंच्या हाताखाली.

पुढे विशीच्या सुमारास लग्न झाले. तीन मुले झाली. घर नीट चालले होते. पण नादियाबाईंना एक जुने दुखणे होते. एकाएकी भीती दाटून येई. छाती धडधडे, श्वास कोंडे. हा एक आजार आहे बरे का, भित्रेपणा नव्हे.

इंग्लंडात २०१० सालापासून टेलिव्हिजनवर केक-पावाची एक स्पर्धा होते. घरी हौसेने भाजणारेच तीत उतरतात. बहुतेक दर आठवड्याला एक जण गळतो. शेवटी तिघे उरतात. बक्षिसात पैसे नाहीत. केक ठेवायचे तबक आणि फुले, एवढेच! पण सारा देश पाहत असतो. नादियाबाईंना अशी एकाएकी भीती वाटे, मग देशापुढे कसे उभे राहायचे? नवऱ्याने धीर दिला, आणि २०१५ साली त्या स्पर्धेत उतरल्या.

दहा आठवडे त्या टिकल्या. त्यांचे लग्न बांगलादेशात झाले होते, आणि तिथे लग्नात केक नसतो. म्हणून शेवटच्या दिवशी त्यांनी लग्नाचाच केक केला, लिंबाच्या स्वादाचा. त्यावर स्वतःच्या लग्नातले दागिने मांडले. त्या जिंकल्या! ७ ऑक्टोबरला हा कार्यक्रम एक कोटी तीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. डोळे पुसत बाई म्हणाल्या, की मला जमणार नाही असे यापुढे कधी म्हणायची नाही.

पुढच्याच वर्षी एलिझाबेथ राणीच्या नव्वदीचा केक त्यांनी केला. पुस्तके लिहिली, कार्यक्रम केले. २०१९ साली आपल्या आजाराविषयी टेलिव्हिजनवर उघड सांगितले. २०२० साली सरकारी किताब मिळाला. २०२५ साली बी.बी.सी.ने त्यांची नवी मालिका घेतली नाही. तीही गोष्ट त्यांनी लपवली नाही.

त्यांची भीती गेली का? नाही. ती आजही येते, असे त्या सांगतात. भीती बरोबर घेऊनच त्या भट्टीपुढे उभ्या राहिल्या. आम्हाला त्यांचे मोठेपण वाटते ते यात.