दलाल कोणाचा?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला जमाखर्च शिकवीत. वही कोणाची आहे ते आधी पानाच्या माथ्यावर लिहा, मगच आकडे मांडा, असा त्यांचा दंडक असे. कारण एकाच्या वहीत जी रक्कम जमा, तीच दुसऱ्याच्या वहीत नावे पडते. या धड्याचा खरा अर्थ मला पुढे घरच्याच एका व्यवहारात उमगला.

बहिणीच्या लग्नासाठी आम्ही इंदूरचा आमचा वाडा विकावयास काढला. दलाल ओळखीतले होते. घरी येत, चहा घेत, आईला काकू म्हणत. लग्नाची तारीख जवळ आली आहे, आणखी थोडे कमी आले तरी चालेल, हे वडिलांनी त्यांना विश्वासाने सांगितले. खरेदीखत झाल्यावर कळले की, ते बोलणे त्याच दिवशी घेणाऱ्याच्या कानी पोहोचले होते आणि दलाली दोन्हीकडून घेतली गेली होती. तुम्ही नेमके कोणाचे, हा प्रश्न आम्ही त्यांना कधी विचारलाच नव्हता.

विकणाऱ्याला भाव चढा हवा असतो, घेणाऱ्याला उतरता. त्यामुळे एकच मनुष्य एकाच वेळी दोघांचाही विश्वासू प्रतिनिधी राहणे फार कठीण. तो एकाचा प्रतिनिधी असू शकतो, किंवा दोघांची केवळ गाठ घालून देणारा मध्यस्थ. या दोन भूमिकांतील अंतर झाकले गेले की फसवणुकीला वाट मिळते.

आपला कायदा या बाबतीत मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे दहावे प्रकरण, म्हणजे कलमे १८२ ते २३८, याच नात्याविषयी आहे. प्रतिनिधीने नेमणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे वागावे, कौशल्य व काळजी वापरावी, मागितल्यास हिशेब द्यावा. नेमणाऱ्याला नकळत त्याने त्याच व्यवहारात स्वतःसाठी व्यवहार केला, तर त्यातून मिळालेला लाभ नेमणाऱ्याला मागता येतो, असे कलम २१६ सांगते. परंतु एखाद्या कुटुंबाने त्यासाठी वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या, ही अपेक्षा अवघड आहे. म्हणून प्रश्न पडतो की, या धंद्यातील लोकच आपल्याला शिस्त लावून घेऊ शकणार नाहीत काय?

या स्वनियमनाचा मोठा आणि दीर्घ प्रयोग अमेरिकेत झाला, म्हणून क्षणभर तिकडे पाहू. १९०८ साली शिकागो येथे घरजमिनीच्या दलालांनी राष्ट्रीय संघटना स्थापिली आणि १९१३ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. धंद्याला प्रतिष्ठा यावी, ग्राहकाशी सचोटीने वागावे, हा हेतू प्रशंसनीय होता. पण १९२४ मध्ये त्याच संहितेत, ज्यांच्या येण्याने वस्तीतील मालमत्तेची किंमत घटेल अशा वंशाच्या लोकांना तेथे आणू नये, असे कलम आले. दलालीचे दर संघटितपणे ठरविणे बेकायदा आहे, हे १९५० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

प्रतिनिधित्वाचा घोळ तर याहून सूक्ष्म होता. घेणाऱ्याला गाडीत बसवून घरे दाखविणारा दलाल तेथील रूढ पद्धतीनुसार विकणाऱ्याचाच उपप्रतिनिधी ठरे. १९८३ मध्ये सरकारी व्यापार आयोगाच्या अहवालातून दिसले की, बहुसंख्य खरेदीदार मात्र त्याला आपलाच मानीत होते. त्यानंतर राज्याराज्यांत असे कायदे झाले की, मी कोणाचा, हे दलालाने सांगितलेच पाहिजे. तरीही दलाली कोणी, कशी द्यावी, हा वाद राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसूरी राज्यातील ज्यूरीने संघटनेविरुद्ध व काही मोठ्या दलाली कंपन्यांविरुद्ध सुमारे १७८ कोटी डॉलर नुकसानभरपाईचा कौल दिला. २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देण्याची तडजोड केली; आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून, घर दाखविण्यापूर्वी खरेदीदाराशी लेखी करार करणे तिच्या सदस्यांना आवश्यक झाले.

यावरून मी एवढेच अनुमान काढतो की, आचारसंहिता सज्जनाला मार्ग दाखविते. पण जेथे नियम स्वतःच्याच मिळकतीला हात घालतो, तेथे संघटनेचा हात आखडतो. तेथे बाहेरचा पंच हवा.

आपल्याकडे हा पंच २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, दिला. नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्या एजंटाने कलम ९ प्रमाणे नोंदणी केली पाहिजे. कलम १० प्रमाणे हिशेब ठेवले पाहिजेत आणि खोटी आश्वासने देता कामा नये. उल्लंघन झाल्यास रोज १० हजार रुपये, व्यवहाराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड होतो. आपले अनेक माजी विद्यार्थी पुण्यास घर घेतात, त्यांनी हेही ध्यानी ठेवावे की, महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने २०२३ मध्ये एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक केली.

मात्र आमच्यासारख्याचा जुना वाडा हा काही नोंदणीकृत प्रकल्प नव्हे. तेथे १८७२ चा कायदा आणि आपली सावधगिरी हाच आधार. म्हणून विसार देण्याघेण्यापूर्वी दलालाला तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे कागदावर घ्यावीत: आपण कोणाच्या वतीने बोलता? दलाली कोणाकोणाकडून घेणार? माझी अडचण समोरच्याला सांगणार काय? प्रामाणिक दलालाला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याला तर त्यांनी प्रतिष्ठाच मिळते.

घर ही बहुतेकांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी नोंद असते. ती करण्याआधी वही कोणाची ते माथ्यावर लिहावे, ही गुरुवर्यांची शिकवण आपल्यापुढे ठेवतो.