गाडीची जागा कोणी द्यावयाची?

शहरात नवी इमारत बांधावयाची म्हणजे आधी तिचे नकाशे मंजूर करून घ्यावे लागतात. शेजारच्या हद्दीपासून किती अंतर सोडले, जिना किती रुंद ठेवला, पाण्याची टाकी केवढी, हे सर्व त्यांत दाखवावे लागते. त्यांतच एक कोष्टक गाड्यांचे असते. इतकी घरे, म्हणून इतक्या मोटारी आणि इतक्या स्कूटरी. तेवढ्या गाड्या इमारतीच्या हद्दीतच कोठे उभ्या राहतील ते आखून दाखविल्याखेरीज परवानगी मिळत नाही. वरवर पाहता यात वाद घालण्यासारखे काहीच नाही. ज्याची गाडी त्याने ती आपल्या अंगणात ठेवावी, रस्ता अडवू नये, असे कोणीही म्हणेल. परंतु नियम नेमके हे सांगत नाही. तो गाडीवाल्याला काही विचारीत नाही; तो घर बांधणाऱ्याला आज्ञा करतो, आणि त्या आज्ञेचा खर्च बहुधा घर घेणाऱ्याच्या माथी येतो; मग त्याच्याकडे गाडी असो वा नसो. सगळा प्रश्न येथेच आहे.

हा नियम मूळचा आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस शहराने १९२३ साली तो राहत्या इमारतींना लागू केला. १९३९ साली कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहराने तो रुग्णालये व हॉटेले यांनाही लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी भराभर वाढल्या आणि नियमाचे लोण शहरोशहरी पोचले. १९४६ साली पाहणी केलेल्या ७६ शहरांपैकी अवघ्या १७ टक्के शहरांत असा नियम होता. पुढल्या पाच वर्षांत त्यांपैकी सुमारे ७० टक्के शहरांनी तो केला होता किंवा करावयास घेतला होता. हेतू निःसंशय चांगला होता. रस्ते वाहतुकीसाठी मोकळे राहावेत, एवढीच इच्छा होती.

पण किती गाड्यांसाठी जागा हवी, हा आकडा आणावयाचा कोठून? पुष्कळ ठिकाणी तो शेजारच्या शहराच्या नियमावलीतून उचलला गेला. कोठे गाड्या मोजल्या गेल्या, तर त्या बहुधा उपनगरांत, जेथे बस फिरकत नाही आणि गाडी उभी करण्यास पैसा पडत नाही अशा जागी. फुकटच्या पंगतीत किती पाने उठली ते मोजून गावाची भूक ठरवावी, तसा हा प्रकार झाला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात हेच दाखवून दिले. फुकट दिसणारी जागा फुकट नसते. तिची किंमत घराच्या भाड्यात, दुकानातल्या मालात, उपाहारगृहातल्या चहाच्या कपात मिसळलेली असते, एवढेच.

आता आपल्याकडील हिशेब पाहू. मुंबई व आणखी काही क्षेत्रे वगळता महाराष्ट्रातील शहरांना २०२० सालच्या डिसेंबरपासून एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात घराच्या चटईक्षेत्राप्रमाणे गाड्यांची संख्या ठरते. लहान घरांना कमी, मोठ्यांना अधिक. ही तरतूद न्याय्यच आहे. एका मोटारीस अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, द्यावी लागते. पण गाडी काही आकाशातून त्या चौकोनात उतरत नाही. तिला आत येण्यास वाट हवी, वळण्यास मोकळी जागा हवी, तळघरात जावयाचे तर उतार हवा. दहास एक असा उतार धरला, तर तीन मीटर खाली जाण्यास तीस मीटर लांबीचा रस्ता जातो. असे सर्व मिळून तळघरात एका मोटारीमागे साधारणपणे पंचवीस ते तीस चौरस मीटर जागा खर्ची पडते. प्रधानमंत्री आवास योजना २०१५ साली शहरांसाठी सुरू झाली, तेव्हा आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घरासाठी चटईक्षेत्राची मर्यादा तीस चौरस मीटर ठेविली होती. म्हणजे एका मोटारीच्या विश्रांतीस जेवढी जागा लागते, जवळजवळ तेवढ्यात एका कुटुंबाचा संसार बसवावा, असे आपण ठरविले!

ही जागा देण्याचे मार्ग चार. मोकळ्या अंगणात गाड्या ठेवणे सर्वांत स्वस्त. पण अंगण जाते, मुलांचे खेळणे जाते. दुसरा मार्ग म्हणजे इमारत खांबांवर उचलून तळमजला गाड्यांना देणे. तो आपल्याकडे सर्वत्र दिसतो. तिसरा तळघराचा. त्यात खोदाई, भिंतींना पाणी न लागू देण्याची व्यवस्था, पंप, हवा व दिवे, असा खर्च वाढत जातो. चौथा यांत्रिक, एकावर एक गाड्या चढविण्याचा. त्यात जागा वाचते, पण यंत्र बिघडले की खालच्याची सुटका होते आणि वरचा अडकतो. गाड्यांसाठी राखलेले असे क्षेत्र सामान्यतः चटईक्षेत्र निर्देशांकात मोजले जात नाही, म्हणून ते फुकटात मिळाले असा समज होतो. निर्देशांकात ते धरले नाही तरी सिमेंट, लोखंड आणि मजुरी धरावीच लागते.

मग ही जागा असते कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात निर्णय दिला की, खांबांखालची किंवा उघड्यावरची गाडीची जागा बांधकाम करणाऱ्यास स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक मालमत्ता होय. निर्णय रहिवाशांच्या हिताचा आहे. पण सामाईक म्हणजे सर्वांनी मिळून पैसा भरलेली. आणि तेथे गाडी मात्र काहींचीच उभी राहते.

यावर जगात काय झाले? लंडनने २००४ साली किमान संख्येची सक्ती काढून कमाल मर्यादा घातली. पूर्वी नव्या इमारतींत घरामागे सरासरी १.१ जागा बांधल्या जात. त्या नंतर सुमारे ०.६ वर आल्या. म्हणजे उरलेल्या जागा लोकांना नको होत्या, केवळ नियमाला हव्या होत्या. अमेरिकेतील बफेलो शहराने २०१७ साली ही सक्ती शहरभर रद्द केली. जपानचा मार्ग मला अधिक बोधप्रद वाटतो. तेथील १९६२ च्या कायद्याने ओझे थेट मालकावर टाकले. गाडी नोंदवावयाची तर घराजवळ, आता दोन किलोमीटरच्या आत, आपली हक्काची जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो. शिवाय तोच कायदा रस्त्यावर रात्री आठ तासांहून अधिक काळ गाडी एका जागी ठेवू देत नाही. काही भागांत लहान मोटारींना दाखल्यातून सूट आहे. पण तत्त्व स्पष्ट आहे: जागेची चिंता घरबांधणाऱ्याने नव्हे, गाडी घेणाऱ्याने करावयाची.

यावरून आपल्याकडील सक्ती उद्याच काढून टाकावी, असे माझे म्हणणे नाही. रस्त्यावर वाटेल तितका वेळ फुकट गाडी ठेवता येते तोवर सक्ती काढणे म्हणजे सगळ्या गाड्या रस्त्यावर आणून सोडणे होय. त्यात पायी चालणाऱ्याचे उरलेसुरले पाऊलही जाईल. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी रस्त्यावरील जागेला रास्त भाडे आणि त्याची कडक वसुली. त्या पैशातून त्याच भागातील पदपथ आणि बसची सोय. मग स्थानके व बसमार्ग यांच्या जवळच्या इमारतींना सक्तीतून सूट. कचेरीची जागा रात्री रिकामी असते आणि घरांची दिवसा. त्या परस्परांनी वापराव्यात, याला नियमात वाव असावा.

आणि एक गोष्ट आपल्या हातची आहे. आपल्या संस्थेचा मंजूर नकाशा मागवून पाहावा. गाड्यांसाठी दाखविलेल्या जागेत आज दुकान किंवा गोदाम तर नाही ना, हे ताडून घ्यावे. सामाईक जागेत गाडी ठेवणाऱ्यांकडून संस्थेने वेगळे शुल्क घ्यावे आणि तेवढ्या रकमेने सर्वांची मासिक वर्गणी हलकी करावी. ज्याच्या घरी गाडी नाही त्याने शेजाऱ्याच्या गाडीचे भाडे न कळत भरीत राहावे, हे कोणत्याही कोष्टकाने न्याय्य ठरत नाही.