घरबसल्या परदेशी एलएल.एम. : पैसे भरण्याआधी हे वाचा

वकिलीचे शिक्षण आपल्या वस्त्यांमध्ये आता नवे राहिलेले नाही. सकाळी कॉलेज, दिवसा कुरिअरच्या, बँकेच्या किंवा गोदीच्या कचेरीत नोकरी, असे करून एलएल.बी. झालेली मुले-मुली आमच्या अनेक वाचकांच्या घरी आहेत. अशा मुलांच्या मोबाईलवर हल्ली एक जाहिरात सारखी येते. आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्याचे एलएल.एम. घरबसल्या करा, असे ती सांगते. फी पौंडांत किंवा डॉलरमध्ये असते. तिचा रुपयांत हिशेब केला की वडिलांचा पी.एफ. आणि आईचे दागिने आठवू लागतात. म्हणून हा अभ्यास काय आहे, तो कोणाच्या उपयोगाचा आहे आणि कोणाच्या नाही, हे आम्ही येथे सांगत आहोत.

हा कायदा कसला?

सोलापूरच्या कारखानदाराने जर्मनीतील व्यापाऱ्याला टॉवेल विकले असे समजा. माल न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढला आणि वाटेत समुद्राच्या पाण्याने भिजला. नुकसान कोणाचे? उत्तर करारातील तीन अक्षरांत असते. 'एफओबी' लिहिले असेल तर माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराची होते. 'सीआयएफ' लिहिले असेल तर जहाजाचे भाडे आणि विमा विकणाऱ्याने भरायचा, पण जोखीम तेथेच बदलते. या संज्ञांना 'इन्कोटर्म्स' म्हणतात. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने त्या १९३६ साली प्रथम ठरविल्या. सध्याची आवृत्ती २०२० ची आहे.

पैसे पुष्कळदा बँकेच्या 'लेटर ऑफ क्रेडिट'वर मिळतात. येथे बँक माल पाहत नाही, कागद पाहते. जहाज कंपनीने दिलेल्या 'बिल ऑफ लॅडिंग'वरील तपशील त्याच्याशी जुळला नाही, तर चांगला माल पाठवूनही पैसे अडकतात. या बिलाविषयीचा आपल्याकडचा कायदा १८५६ चा होता. त्याच्या जागी २०२५ साली नवा कायदा आला.

भांडण झाले तर? संयुक्त राष्ट्रांचा माल-विक्रीविषयी १९८० चा व्हिएन्ना करार आहे. जर्मनी त्यात आहे, भारत नाही. म्हणून कोणत्या देशाचा कायदा लागेल हे करारातच लिहावे लागते. पुष्कळसे तंटे लवादाकडे जातात. सिंगापूरला झालेला निवाडा मुंबईत अमलात आणता येतो, कारण १९५८ चा न्यूयॉर्क करार भारताने मान्य केला आहे आणि १९९६ च्या लवाद कायद्यात त्याची सोय आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे असे कोणी समजू नये. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरी धाटणीच्या चपला मांडल्या आणि आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचे कंपनीने कबूल केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशन, म्हणजे 'जीआय', मिळालेले आहे. पण ती नोंद भारतापुरती. इटलीत हक्क सांगायचा तर तेथील कायद्याचा आधार लागतो. पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचे काम करणाऱ्या कारागिरांच्या बाजूने असा कागद वाचणारा आणि लिहिणारा माणूस आपल्यातूनच का निघू नये?

शिक्षण दारात येते

घरी राहून परदेशी विद्यापीठात शिकणे ही कालची गोष्ट नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासूनच बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू दिले. नेल्सन मंडेला यांनी रॉबेन बेटावरील तुरुंगातून याच विद्यापीठाच्या कायद्याचा अभ्यास टपालाने केला. त्यांना एलएल.बी. मिळाली ती मात्र १९८९ साली, दक्षिण आफ्रिकेच्या युनिसा विद्यापीठाची. लंडनचा एलएल.एम. अभ्यासक्रम आज ऑनलाईन आहे. आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग एलएल.एम., अशा पायऱ्यांनी तो करता येतो.

मध्येच पैसे संपले तर काय, ही भीती खरी आहे. बाबासाहेबांनाही शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले होते. पुन्हा येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून आधी घेतली, नोकरी करून पैसे जमविले, १९२० साली परत गेले आणि १९२३ साली त्याच विद्यापीठाची डी.एस्सी. मिळविली. थांबावे लागले तरी परतीची वाट कागदावर ठेवावी, हा त्यातील व्यवहार आपणही शिकावा.

येथे फसू नका

आता महत्त्वाची गोष्ट. एलएल.एम.ने वकिलीची सनद मिळत नाही. सनदेसाठी बार कौन्सिलने मान्य केलेल्या कॉलेजातील एलएल.बी. लागते आणि पुढे वकिली चालविण्यासाठी अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. कायद्याची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाईन पद्धतीने देण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे. २०२५ साली बार कौन्सिलने मान्यता नसलेल्या ऑनलाईन एलएल.एम. अभ्यासक्रमांविरुद्ध जाहीर इशाराही दिला. तेव्हा ज्यांना लॉ कॉलेजात प्राध्यापक व्हायचे आहे, त्यांनी येथील मान्यताप्राप्त कॉलेजातून नियमित एलएल.एम. करून नेट द्यावी. ऑनलाईन पदवीच्या भरवशावर कर्ज काढू नये.

मग उपयोग कोणाला? जो आधीच या कामात आहे त्याला. कस्टम हाऊस एजंटाकडे कागद करणारा, बँकेच्या परकी व्यापार खात्यात बसणारी, जहाज कंपनीच्या दाव्यांचे काम पाहणारा, निर्यातदाराचे करार तपासणारी वकील, अशांच्या रोजच्या कामाला या ज्ञानाने धार येते आणि बढतीचा दावाही बळकट होतो.

पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. पदवी विद्यापीठ स्वतः देते की मध्ये दुसरी संस्था आहे? भारतात ती कोणत्या कामासाठी मान्य आहे? परीक्षेची फी वेगळी आहे का? मध्ये थांबल्यास किती वर्षांत पूर्ण करता येते? उत्तर तोंडी मिळाले तर पैसे खिशातच ठेवावेत.

शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्यांविषयीही गैरसमज आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती या परदेशात जाऊन पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी आहेत. गुण चांगले असतील तर आधी तोच मार्ग पाहावा. समाजकल्याण कार्यालयात चौकशीला पैसे लागत नाहीत.

आणि आवड खरी आहे का, हे फुकटात तपासता येते. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा, म्हणजे 'वायपो'चा, प्राथमिक अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य आहे. जागतिक व्यापार संघटनेचेही असे अभ्यासक्रम आहेत. व्हिएन्ना व न्यूयॉर्क करारांचा मजकूर संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. तीन महिने पहाटे दोन तास हे वाचून पाहावे. कायद्याचे इंग्रजी पेलते की नाही, हेही त्यातून कळेल.

शेवटी घरच्यांना एक विनंती. एका खोलीच्या घरात अभ्यास करणाऱ्या मुलाला, आणि विशेषतः सुनेला-मुलीला, ते दोन तास टी.व्ही. बंद ठेवून द्या. स्वयंपाकघरातील तिची पाळी दुसऱ्या कोणी घ्यावी. फी कदाचित हप्त्याने भरता येईल, हा वेळ मात्र घरानेच द्यावा लागतो.