आधी कोरडे, मग ओले

दिवाळीच्या आवराआवरीत भिंतींची पाळी आली की पहिला हात बादलीकडे जातो. साबणाचे पाणी, जुना पंचा, आणि खसाखसा घासणे सुरू. गेली कित्येक वर्षे मी भेटेल त्याला सांगत आले आहे की भिंतीला पाणी लावण्याची घाई करू नका. तिच्यावरची बरीचशी घाण कोरडीच निघते. पाणी लागले की तीच आत मुरते.

पहिली परीक्षा तळहाताने घ्यावी. कपाटामागच्या कोपऱ्यात भिंतीवरून कोरडा हात फिरवा. पांढरी भुकटी लागली तर भिंत चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची. ती नुसती झटकावी, आणि फारच मळली असेल तर वर चुन्याचा नवा हात द्यावा. भुकटी लागली नाही तर तिथेच ओलसर पांढऱ्या फडक्याने हलकेच पुसून पाहा. फडक्यावर रंग उतरला, तर पाणी अगदी बेताने. काहीच उतरले नाही, तर प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट आहे. सौम्य साबणाचे पाणी निर्धास्तपणे सोसते ते या दोघांनाच.

आता काजळी. या विषयावर मी तासन् तास बोलू शकते. देवघराच्या वर, समईच्या मागे, उदबत्तीच्या घराजवळ जो काळपट पट्टा उमटतो, तो साध्या धुळीचा नसतो. ज्योत पुरती जळली नाही की कार्बनचे अतिशय बारीक कण बाहेर पडतात आणि त्यांच्यावर तेलाचा पातळ लेप असतो. वात फार वर काढली किंवा वाऱ्याने ज्योत फडफडली की ते आणखी वाढतात. अशा डागावर ओले फडके घासले की कण रंगाच्या छिद्रांत दाबले जातात आणि वीतभर डागाचा हातभर होतो.

जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध छतावरही हीच काजळी बसली होती. रोममधल्या व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलचे छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवले. खाली मेणबत्त्या आणि धूप अखंड जळत. १६२५ साली सिमोने लागी नावाच्या कारागिराने ते छत साफ केले ते लिननच्या फडक्यांनी आणि पावाने! पावाचा मऊ गर चित्रावर फिरवायचा, तो मळला की टाकायचा, नवा घ्यायचा. खोडरबर येण्याआधी चित्रकार कोळशाच्या रेघाही पावानेच पुसत. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या एकाने तेच छत स्पंज आणि ग्रीक मद्याने पुसले. मला पाववाला जास्त शहाणा वाटतो.

हीच युक्ती तीनशे वर्षांनी अमेरिकेत सिनसिनाटीला एका साबण कंपनीने कारखान्यात नेली. घरे दगडी कोळशाने ऊबदार ठेवली जात, भिंतींवर कागद चिकटवलेला, आणि कागदाला पाणी चालत नाही. म्हणून १९३०च्या दशकात कुटोल कंपनीने पीठ, पाणी, मीठ यांचा मऊ गोळा विकायला काढला. तो भिंतीवर लोळवला की काजळी उचलली जाई. महायुद्धानंतर कोळशाच्या शेगड्या गेल्या, धुता येणारे कागद आले आणि गोळ्याचा खप बसला. तेव्हा मालकांच्या नात्यातल्या एका बालवाडीच्या बाईंनी तो मुलांच्या हातात दिला. १९५६ पासून तो प्ले-डो या नावाने खेळण्यांच्या दुकानात आहे.

आपल्याकडे मात्र पाव किंवा कणीक वापरू नये. चुरा राहिला की मुंग्या आणि बुरशी. कोरडा रबरी स्पंज आणावा. मागे-पुढे न घासता तो वरून खाली एकाच दिशेने ओढावा, काळा झाला की दुसरी बाजू घ्यावी. मेलामाइनचा पांढरा स्पंज निराळा. तो बारीक पॉलिश पेपरसारखा रंग खरवडतो आणि तेवढीच जागा निस्तेज दिसते. कोरडे काम संपल्यावर, भिंत सोसणारी असेल तरच पाणी. तेही खालून वर, कारण वरून ओघळलेले मळके पाणी खालच्या कोरड्या, मळक्या भिंतीवर पडले तर त्याचे ओघळ हट्टाने राहतात. शेवटी स्वच्छ पाण्याचे फडके वरून खाली. स्वयंपाकघरातले ओशट पुट काही नुसत्या स्पंजाने जात नाही. तिथे कोमट साबणपाणी लागतेच.

काजळीवर सरळ नवा रंग मारण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. पाण्यातल्या रंगातून पिवळा-तपकिरी डाग पुन्हा वर येतो. अजिंठ्याला मी दर वेळी याच विचाराने भिंतींसमोर रेंगाळते. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावले, चित्रे टिकावीत म्हणून त्यांवर लाखेचा मुलामा चढला, आणि काळाबरोबर तोच पिवळा पडला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो थर मोठ्या चिकाटीने उतरवावा लागला. हेतू चांगला होता, पण मळ आत आणि मुलामा वर, असे झाले.

बाकीची काळजी थोडक्यात. स्विचबोर्डाजवळ ओले फडके नेण्याआधी मेन स्विच बंद. स्टुलावर स्टूल नको; शिडी घ्या आणि खाली कुणी धरून उभे असू द्या. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड किंवा अमोनिया असलेले काचेचे क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. बुरशी कोरडी झाडू नका, तिचे बीजकण घरभर उडतात. आधी ओलसर करा, नाकातोंडावर मास्क लावा, खिडक्या उघडा. जुना ऑइल पेंटही कोरडा घासू नये. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये.

राहिला लोणा. पावसाळा सरल्यावर कोकणातल्या आणि मुंबईतल्या भिंतींवर जी पांढरी लव फुटते ती बुरशी नव्हे, विटा-सिमेंटमधले क्षार आहेत. ओल भिंतीतून बाहेर येताना ते सोबत आणते आणि पृष्ठभागावर सोडून जाते. ते पाण्याने पुसले तर विरघळून परत आत शिरतात, म्हणून इथे पुन्हा कोरडा ब्रशच. पडलेली भुकटी सुपलीत गोळा करून घराबाहेर टाकावी. गच्चीची किंवा नळाची गळती बंद झाल्यावाचून रंगाऱ्याला बोलावू नये, आणि बंद झाल्यावरही भिंत वाळायला निदान एक उन्हाळा द्यावा.