दुकानाचं पहिलं पान

गेल्या दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून आतेबहिणीचा फोन आला. "दादा, ऑफिसातल्या मैत्रिणींना दराबा द्यायचा होता. तुमची वेबसाइट उघडली, पण तुम्ही पार्सल पाठवता की नाही तेच कळेना. शेवटी इथूनच मिठाई घेतली."

मला ते फार लागलं, कारण वेबसाइट मीच बनवली होती.

बुऱ्हाणपुरात माझ्या काकांचं छोटं दुकान आहे. दराबा, मावा जिलेबी आणि केळीचे वेफर्स. गावातलं गिऱ्हाईक बांधलेलं आहे. पण वेफर्सची नवी मशीन कर्जावर घेतली होती आणि तिचे हप्ते बाहेरगावच्या ऑर्डरींवरच फिटणार होते.

त्याच संध्याकाळी मी एक साधी परीक्षा घेतली. शेजारच्या काकूंच्या हातात मोबाइल दिला, मनात दहा आकडे मोजले आणि परत घेतला. "काय दिसलं?" काकू म्हणाल्या, "तुझे आजोबा आणि ताजमहाल!"

खरंच होतं ते. मुमताजचं निधन १६३१ साली आपल्या बुऱ्हाणपुरात झालं, म्हणून मी वर ताजमहाल लावला होता. त्याखाली असीरगड, कुंडी भंडारा आणि आमच्या घराण्याचा इतिहास. दराबा पार तळाशी, भाव कुठेच नाही.

मी नवं पान कागदावर आखलं. सगळ्यात वर एकच ओळ: "बुऱ्हाणपूरचा दराबा आणि केळीचे वेफर्स, घरपोच." लगेच खाली 'ऑर्डर करा' हे एकच मोठं बटण आणि फोन नंबर. मग प्रत्येक पदार्थाचा आमच्याच दुकानात काढलेला फोटो, वजन, भाव, किती दिवस टिकतो आणि पार्सल किती दिवसांत पोहोचतं. मावा जिलेबीपुढे स्पष्ट लिहिलं: "फक्त दुकानात, गरमागरम. पार्सल नाही." अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही टाकला, अनोळखी माणसाचा विश्वास त्यानं बसतो. हलती चित्रं काढली, फोटो हलके केले. मजकूर मराठीत आणि हिंदीत ठेवला.

काकांनी कागद पाहिला आणि गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हणजे बाबांचा फोटो काढायचा?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मला जामा मशिदीत सापडलं. इंदूरच्या मित्राला गाव दाखवायला गेलो होतो. तिथे फारुकी राजा आदिलशहाच्या काळातला, सुमारे १५९० सालचा शिलालेख आहे. एक मजकूर अरबीत, एक संस्कृतात. संस्कृत लेखात राजाच्या घराण्याची वंशावळ दिलेली आहे. पण ती आतल्या भिंतीवर! राजानंसुद्धा आपली वंशावळ दारावर टांगली नाही.

घरी येऊन काकांना सांगितलं, "आजोबा कुठेही जात नाहीत. त्यांच्यासाठी 'आमच्याविषयी' असं वेगळं पान करतो. ज्याला आपला दराबा आवडेल, तो आपणहून आत येऊन त्यांना भेटेल." काका हसले. "आणि ताजमहाल?" "तो आग्र्याला परत पाठवू!"

नवं पान सुरू झालं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण "पार्सल पाठवता का?" असे फोन जवळजवळ थांबले, आणि त्यांच्या जागी ऑर्डरी येऊ लागल्या. मशीनचा पुढचा हप्ता वेळेवर गेला. आतेबहिणीनं संक्रांतीला चार डबे मागवले आणि वर कळवलं, "आजोबांचं पान वाचलं. डोळे भरून आले."

आपल्या मंडळातल्या किती तरी घरांत असा लहानमोठा धंदा आहे, आणि वेबसाइटचं काम बहुतेक आपल्याच पिढीकडे येतं. आज रात्री आपलं पान घरातल्या एखाद्या आजीला दहा सेकंद दाखवा. आपण काय विकतो, केवढ्याला आणि ते कसं मागवायचं, हे तिला सांगता आलं, तर पान नीट आहे. नाही आलं, तर कागद-पेन घेऊन बसा. आजोबांची समजूत मात्र आधी काढा!