एकाच मापाने मोजू या

मोरया गोसावींचे चिंचवड एकेकाळी पवनाकाठचे लहानसे गाव होते. शेजारच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखान्यांमागून कारखाने आले आणि खेड्यापाड्यांतली तरुण मंडळी तिकडे लोटली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड महापालिकेची वस्ती १७,२७,६९२ भरली.

मग आपल्या गावात तरुण किती उरले? आयतालेख काढून पाहू या. आडव्या रेघेवर वयाचे वर्ग मांडायचे आणि त्यांवर एकमेकांना चिकटून स्तंभ उभे करायचे.

पण नुसती डोकी मोजली, तर दोन हजार वस्तीच्या गावाचा स्तंभ शहरापुढे दिसायचाही नाही. म्हणून आधी शेकडेवारी काढावी. समजा, गावात २० ते २९ वयाचे २४० जण आहेत. म्हणजे शेकडा १२. शहरात २० ते २४ वयाचे समजा शेकडा १० आहेत. मग गाव पुढे म्हणायचे काय? छे! गावाचा वर्ग दहा वर्षांचा, शहराचा पाचच वर्षांचा. एकाला पायलीने अन् दुसऱ्याला अधोलीने मापल्यासारखेच हे झाले. शहराच्या २५ ते २९ वर्गातही शेकडा १० असले, तर बेरीज २० होते. गाव १२, शहर २०!

उभ्या रेघेचे मापही दोन्हीकडे एकच हवे. नाहीतर चित्र फसवील, ग्रामसभा तरुणांसाठी तालीम बांधील आणि मागे उरलेल्या म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची सोय राहून जाईल. गुरुजींनी हा आयतालेख मुलांकडून काढून घ्यावा आणि ग्रामसभेत जरूर मांडावा.