कुंकवाचा बुक्का

आत्याने फोटो हातात घेतला, चष्मा वरखाली केला आणि म्हणाली, "अरे, मला बुक्का कधी लावलास?"

तिच्या कपाळावर नेहमीचं रुपयाएवढं लाल कुंकू होतं. फोटोत त्या जागी काजळासारखा काळा ठिपका होता. ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत होते. हळदीने पिवळी झालेली बोटं काळवंडली होती, आणि गडद निळं पातळ मात्र विटून पांढरट झालेलं. आत्याला वाटलं, माझं काहीतरी बिनसलं. बिनसलं काहीच नव्हतं. कागदाला जे दिसलं ते त्याने इमानदारीने नोंदवलं होतं.

कॅमेरा घरचाच होता. एकात एक सरकणारे पुठ्ठ्याचे दोन खोके, आतून काळे रंगवलेले. पुढे स्टेशनरीच्या दुकानातलं साधं भिंग, नाभीय अंतर १५० मिलिमीटर. मागे चित्र जुळवायला ट्रेसिंग पेपर, आणि शटर म्हणून श्रीखंडाच्या डब्याचं झाकण. फिल्मच्या जागी फोटो छापायचा कागदच लावला होता. हा कागद इतका मंद असतो की ओसरीतल्या उजेडात दोन सेकंद तरी झाकण उघडं ठेवावं लागतं. म्हणजे 'एक हजार एक, एक हजार दोन' असं मोजायचं आणि तेवढा वेळ आत्याने गप्प बसायचं. यातलं दुसरं काम जास्त अवघड.

या कागदावर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडसारख्या क्षारांचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाशाच्या कणाने अशा स्फटिकातला इलेक्ट्रॉन मोकळा केला की चांदीचे अणू जमायला सुरुवात होते. चार-पाच अणूंचा पुंजका झाला तरी पुरतो. पुढे डेव्हलपर तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. पण इलेक्ट्रॉन सोडवायला साधारण अडीच इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. निळ्या प्रकाशाच्या कणाकडे ती असते. लाल प्रकाशाच्या कणाकडे दोनच्या आतबाहेर असते, आणि असे लाखो कण आदळले तरी बेरीज होत नाही. वीस रुपयांच्या तिकिटाला पंधरा-पंधरा रुपये घेऊन हजार माणसं आली तरी एकालाही आत सोडत नाहीत, तसला हा हिशेब. म्हणून कुंकवावरून आलेल्या प्रकाशाची कागदावर नोंदच झाली नाही. निगेटिव्हवर ती जागा कोरी राहिली, आणि पॉझिटिव्ह करताना काळी झाली.

माझा पहिला फोटो मात्र खरंच फसला होता. भिंगापुढचं भोक २० मिलिमीटरचं ठेवलं, ट्रेसिंग पेपरवर आत्याचे डोळे नीट जुळवले, आणि फोटोत मांडीवरच्या हातातल्या बांगड्या कोरीव, चेहरा पुसट! दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. एकेरी भिंगातून निळा प्रकाश पिवळ्या-हिरव्यापेक्षा जास्त वाकतो आणि भिंगाच्या अलीकडे जुळतो. माझा डोळा पिवळ्या-हिरव्यावर विसंबून चित्र जुळवत होता, कागद निळ्यावर. दोघांच्या मतात सुमारे तीन मिलिमीटरचा फरक! एकोणिसाव्या शतकातल्या फोटोग्राफरांनाही हे ठाऊक होतं. साधं भिंग असलं की चित्र जुळवल्यावर ते फोटोची काच, म्हणजे प्लेट, थोडी भिंगाकडे सरकवत. मी गणपतीच्या मखरातला निळा जिलेटीन कागद डोळ्यांपुढे धरला आणि कागदाच्या नजरेने पाहिलं. भोकही १० मिलिमीटरचं केलं. मग पापण्यांचे केस दिसले.

लाल न दिसणं हा दोष आहे, हे कबूल. त्यावर पहिला उतारा १८७३ मध्ये बर्लिनमध्ये हर्मान फोगेल यांना सापडला. प्लेटच्या थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर ते हिरवा-पिवळा प्रकाश शोषून स्फटिकाला हाताशी धरतं. १९०६ मध्ये तर लालही पाहणाऱ्या, पॅनक्रोमॅटिक प्लेट्स बाजारात आल्या. आज मिळणाऱ्या बहुतेक कृष्णधवल फिल्म याच जातीच्या. माझा जीव फिल्मवरच आहे. तिच्यातले करड्या रंगाचे पदर कागदाला जमत नाहीत. पण ती रिळावर चढवायची तर ठार अंधार हवा, सगळं काम बोटांच्या चाचपणीवर.

आणि इथेच कागदाच्या आंधळेपणाची खरी किंमत कळते: त्याचं काम लाल उजेडात बघत बघत करता येतं. काबूलच्या रस्त्यावर तिपाईवर लाकडी खोकं मांडून फोटो काढणारे असत. त्या कॅमेऱ्याला म्हणत 'कमरा-ए-फौरी', म्हणजे ताबडतोब फोटो देणारा. खोकी तिथल्याच सुताराने केलेली. आत कॅमेरा आणि डार्करूम एकत्र: कागद, डेव्हलपरची थाळी, चित्र पक्कं करणाऱ्या हायपोची थाळी. बाजूला कापडाची बाही; तिच्यातून हात घालायचा, आणि वरच्या भोकाला लाल काच लावून कागद उमटताना बघायचा. आधी निगेटिव्ह तयार होई. तो भिंगापुढच्या फळीवर लावून त्याचाच पुन्हा फोटो काढला की पॉझिटिव्ह. जयपूरला हवामहालासमोरही अशी खोकी उभी असत. कागदाला लाल दिसत असतं तर त्या काचेतून आलेल्या उजेडाने तो काळाठिक्कर पडला असता, आणि पदपथावरचा हा धंदा उभाच राहिला नसता.

काबूलच्या लोकांनी त्याच्यावरही कडी केली. निगेटिव्हवर चेहऱ्याच्या जागी ते जखमेला लावायचं लाल औषध, मर्क्युरोक्रोम, कुंचल्याने हलकंसं फिरवत. दुसऱ्या खेपेला फोटो घेताना कागदाला ते लाल म्हणजे अंधारच. तेवढा प्रकाश अडला की पॉझिटिव्हमध्ये चेहरा उजळ! पहिल्या टप्प्यातलं लाल कुंकू काळं होतं, दुसऱ्या टप्प्यातलं लाल औषध गोरं करतं. गोरेपणाचा हा हव्यास मला आवडत नाही, पण ज्याने हे पहिल्यांदा शोधलं त्याला प्रकाशाचं मर्म कळलं होतं.

१९९६ नंतर तालिबानच्या राजवटीत माणसांचे फोटो काढायला बंदी आली, तरी ओळखपत्राचा फोटो राज्यकर्त्यांनाही टाळता आला नाही. खोक्यांना खरं हरवलं ते नंतर आलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने. २०११ पासून लुकास बिर्क आणि शॉन फोली या दोघांनी या फोटोग्राफरांचं काम नोंदवून ठेवलं.

खोकं तुम्हीही करू शकता. पुठ्ठा, भिंग आणि काळा रंग एवढंच लागतं. फोटो धुताना वापरलेला हायपो मात्र मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते, ती ओढ्यातल्या जिवांना बाधते.

आणि घरातला जुना अल्बम काढलात, तर पणजीच्या कपाळाकडे नीट बघा. कुंकू नुसतं करडं दिसलं तर फिल्मला लाल दिसत होतं. शाईसारखं काळं, आणि त्याच्या जोडीला ओठही काळे दिसले, तर बहुधा लाल न दिसणारी प्लेट होती. पणजी बुक्का लावत होती, अशी समजूत तेवढी करून घेऊ नका.